दिवेआगर-श्रीवर्धनला पहिल्यांदाच जाताय?
पुण्याहून पहाटेच निघा. ताम्हिणीच्या वळणांवर मुलांना मळमळतं, म्हणून नाश्ता घाट उतरल्यावर माणगावला करा. टाकीही तिथेच भरा.

दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीमार्गेच जा. समुद्र अगदी खिडकीशी येतो, इतका सुंदर रस्ता चुकवू नका! फक्त वळणावर थांबू नका, मोकळी जागा बघूनच उतरा. आणि कितीही मोह झाला तरी गाडी वाळूत घालू नका. चाकं रुतली आणि भरती आली तर गाडी हातची जाते.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते. त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, त्यावरच दिवस आखा. आजी-आजोबांना त्या निसरड्या खडकांवर नेऊच नका, देवळातच बसू द्या. जेवणाचं मात्र खानावळीत सकाळीच सांगून ठेवा.