ल्युकेमियाच्या संशोधकाचा एच-इंडेक्स 70 आहे. पीएचडीसाठी गाइड निवडताना या आकड्यावर किती विसंबावं?

तुम्ही म्हणता, गुगल स्कॉलरवर त्यांच्या नावापुढे 600 नोंदी आणि एच-इंडेक्स (पेपरना मिळालेल्या सायटेशनवरून, म्हणजे इतरांच्या पेपरमधल्या संदर्भांवरून, काढलेला आकडा) 70 दिसतो, तेवढ्यावर अर्ज करावा का. तेवढ्यावर नको. रक्ताच्या कर्करोगाच्या क्षेत्रात हे आकडे कोणी लबाडी न करताही फुगतात.

आधी 600 नोंदींचं पाहू. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीचं अधिवेशन दर डिसेंबरमध्ये भरतं आणि तिथले ॲबस्ट्रॅक्ट (सादर केलेल्या कामाचे छोटे सारांश) 'ब्लड' या जर्नलच्या पुरवणी अंकात छापले जातात. गुगल स्कॉलर त्यांनाही पेपर म्हणूनच मोजतं. एकाच ट्रायलचे (रुग्णांवरच्या उपचार-चाचणीचे) पहिल्या वर्षीचे निकाल, मग पुढचा फॉलो-अप, मग वयस्कर रुग्णांचा वेगळा गट असं करत एका अभ्यासाच्या चार-पाच नोंदी सहज होतात. पबमेड या वैद्यकीय पेपरच्या सूचीमध्ये हे ॲबस्ट्रॅक्ट सहसा नसतात, म्हणून तेच नाव तिथे शोधा. 600 चे 200 झाले तर त्यात गैर काही नाही. फक्त पुढचा हिशोब 200 वरून करा.

शोधताना नावांची गल्लत सांभाळा. आडनाव आणि एक आद्याक्षर एवढ्यावर 'शर्मा ए' किंवा 'वांग वाय' शोधलंत तर भलत्याच माणसांचे पेपर येतील. संशोधकाचा 16 अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक) मिळाला तर पबमेडच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये 'ऑथर – आयडेंटिफायर' निवडून तो टाका. जुन्या पेपरना हा क्रमांक बहुधा जोडलेला नसतो, त्यामुळे ते नाव आणि संस्था मिळून ताडून पाहावे लागतात.

त्याच यादीत 'ऑथर – फर्स्ट' आणि 'ऑथर – लास्ट' हे पर्यायही आहेत. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. मोठ्या ट्रायलच्या पेपरवर तीस-चाळीस नावं असतात, कारण रुग्ण दाखल करणाऱ्या केंद्रांच्या डॉक्टरांनाही लेखकांत जागा मिळते. ते कामही कष्टाचंच असतं, पण कल्पना त्यांची असेलच असं नाही. प्रयोगशाळेतल्या पेपरवर पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं असतं. 200 पैकी शेवटचं नाव 60 वर असेल तर प्रयोगशाळा जोरात चालली आहे. 8 वरच असेल, तर त्यांची स्वतःची दिशा कोणती ते त्यांनाच विचारा.

आता एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये तो मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतके किंवा जास्त असतील तिथे थांबायचं. समजा सात पेपरना 900, 40, 12, 6, 5, 5, 2 सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला 5 आहेत, सहाव्याला 6 हवे होते पण 5 च आहेत, म्हणून एच-इंडेक्स 5. पाचच पेपर आणि प्रत्येकाला पाच सायटेशन असलेल्या माणसाचाही 5 च! 900 वाला पेपर इथे पार झाकला गेला. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतोच, कमी होत नाही.

यादीच्या अगदी वरचे पेपर उघडून ते कसले आहेत ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रक्त-कर्करोग वर्गीकरणाची 2016 ची सुधारणा 'ब्लड'मध्ये आली आणि तिला हजारो सायटेशन मिळाले, कारण ल्युकेमियावर लिहिणाऱ्या कोणालाही निदानाचे निकष कुठले वापरले ते सांगावं लागतं. अशा समितीवर बोलावणं येणं हा मान आहे, पण तो नवा शोध नव्हे.

खरा प्रभाव वेगळा दिसतो. जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये 'नेचर'मध्ये एकटीच्या नावावर दाखवलं की ल्युकेमियाच्या काही रुग्णांत दिसणारा फिलाडेल्फिया क्रोमोसोम हा 9 आणि 22 या क्रोमोसोमच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून होतो. त्या अदलाबदलीतून जोडलेला जीन पुढे सापडला, त्याच्या प्रथिनाला अडवणारं इमॅटिनिब हे औषध आलं आणि 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शांघायच्या डॉक्टरांचा 1988 चा 'ब्लड'मधला ट्रेटिनॉइन या औषधावरचा पेपर तर अवघ्या 24 रुग्णांचा. पण एपीएल या ल्युकेमियाचे उपचार त्याने पालटले. म्हणून सायटेशन किती यापेक्षा ते कोणी आणि कशासाठी दिले ते वाचा: पद्धत वापरली, निष्कर्ष पडताळला, की प्रस्तावनेत नुसता उल्लेख केला?

पेपरची तुलना त्याच विषयातल्या त्याच काळातल्या पेपरशी करायची असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे संकेतस्थळ मोफत आहे. पबमेड क्रमांक टाकला की रिलेटिव्ह सायटेशन रेशो हा तुलनेचा आकडा मिळतो; एनआयएचच्या निधीवरच्या पेपरचा मध्यक 1 धरलेला आहे. अगदी ताज्या पेपरबाबत मात्र हा आकडा डळमळीत असतो. रिट्रॅक्शन वॉच (मागे घेतलेल्या पेपरची नोंद) आणि पबपीअर (छापलेल्या पेपरवरची चर्चा) यांवरही नाव एकदा शोधा. विशेषतः वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनांच्या चाचणीच्या चित्रांवरचे आक्षेप तिथे सापडतात.

आणि तुम्हाला तिथे शिकायचंय, तेव्हा गेल्या पाच वर्षांत त्यांचं शेवटचं नाव असलेले पेपर काढा आणि पहिलं नाव कोणाचं आहे ते पाहा. त्यात पीएचडीचे विद्यार्थी वेगवेगळे दिसले तर बिनधास्त अर्ज करा. दरवेळी तेच दोन सीनियर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) असतील, तर आधी तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला.