टी-शर्ट कुणाकुणाला मिळाले?

प्रश्न : काका, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी एचआर बघते. यंदा टीम बिल्डिंग म्हणून सगळ्यांना आंबोलीला नेलं. रस्सीखेच झाली, डोळे बांधून खेळ झाले, टी-शर्ट वाटले. सोमवारी कँटीनमध्ये बघते तर मराठी एका टेबलाला, कन्नड दुसऱ्या, आणि कंत्राटी पोरं बाहेर कट्ट्यावर. कुठं चुकलं?

उत्तर : पोरी, टी-शर्ट त्या कट्ट्यावरच्या पोरांना मिळाले का? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारतो. मी मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, होतो तिथं दसऱ्याचा पेढ्यांचा पुडा फक्त कायम कामगारांना मिळायचा. आम्ही खायचो, ती पोरं भट्टीकडं बघत बसायची. आज आठवलं की लाज वाटते.

खेळानं माणसं हसतात, एवढंच. एकमेकांची गरज पडली तर जवळ येतात. एका पावसाळ्यात आमच्या पंपाच्या केसिंगला, म्हणजे कवचाला, ब्लोहोल यायला लागले; वाफ अडकून पडणारी भोकं ती. कोअर म्हणजे माल आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. मोल्डर कोअरवाल्याला बोल लावी, कोअरवाला वाळूला. दोन महिने हेच. शेवटी मॅनेजरनं रिजेक्ट माल फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात त्या खात्यात, मांडला आणि प्रत्येक खात्यातला एकेक माणूस उभा केला. फेटलिंगला गोकाककडचे एक मामा होते, मराठी बेताचंच. त्यांनी भोकात बोट घातलं. ‘इल्लि नोड्री!’ म्हणजे, इथं बघा. भोकं कोअरच्याच बाजूला, आणि तीही सोमवारच्या मालात. शनिवारचे कोअर रविवारभर दमट हवेत पडून ओल धरत होते. ओतताना त्याची वाफ लोखंडात अडके. मामांना हे आधीच माहीत होतं. कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आमची पोरं रोज फेटलिंगला जाऊन विचारायची, ‘मामा, आज कसा आलाय माल?’

माझी नात मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, 1971 साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी, मेक्सिकन मुलं एका वर्गात आली आणि भांडणं लागली, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होईना. आमच्या मामांचंच झालं की हे!

तेव्हा शनिवारी अर्धा तास रिजेक्ट मालाभोवती सगळ्यांना उभं कर, कंत्राटी पोरांसकट. ड्यूटीच्या वेळेत हं, सुटल्यावर नको. दोन्ही भाषा येणारा एक माणूस जवळ ठेव. आंबोलीला पुढच्या वर्षी खुशाल जा, फक्त त्या पोरांचा त्या दिवसाचा रोज कापू नको.