कंटिन्युअस मायनरवर पहिल्यांदा जाताना

कंटिन्युअस मायनर या कोळसा कापणाऱ्या मशीनवर तुझी निवड झाली, फार आनंद झाला. मी ड्रिल, सुरुंग आणि एसडीएलच्या (कोळसा उचलून भरणाऱ्या लोडरच्या) जुन्या पद्धतीत वाढलो. सुरुंग उडाला की धूर निवळेपर्यंत थांबायचं, मग भरणी. तुझ्याकडे सुरुंगच नाही. दातेरी ड्रम कोळसा खरवडतो, शटल कार तो बेल्टकडे नेते आणि रिमोट तुझ्या हातात असतो.

हा रिमोट आधी नीट समजून घे. त्यामुळेच तुला बोल्ट मारून आधार दिलेल्या छताखाली राहून मशीन पुढे पाठवता येतं. पण मशीन आणि कोळशाच्या भिंतीच्या मधे कधीही उभा राहू नकोस. वळताना मागचा भाग किती झपाट्याने सरकतो ते काही दिवस लांबून बघ, मगच बटणाला हात लाव. सगळ्यांचं लक्ष छताकडे असतं आणि माणूस या फटीत सापडतो.

छत काठीने ठोकून बघायची सवय मात्र सोडू नकोस. आवाज पोकळ आला की मागे फिर. छतात रेझिनने चिकटवलेला बोल्ट मिनिटांत पकड घेतो, पण रेझिनची कॅप्सूल जुनी असेल किंवा बोल्ट पुरेसा फिरवला नसेल, तर तो नुसता लटकतो.

मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला की वीज तोडायची, हा नियम आहे. मशीनवरचा सेन्सर झाकायला कुणी सांगितलं, तर काम थांबव आणि सरदाराला (खाणीतल्या पर्यवेक्षकाला) लगेच कळव. पाण्याचे फवारे बंद असतील तर कट सुरूच करू नकोस.