पाळ्यांची ड्युटी सांभाळून जलरंगाचं काम कसं चालू ठेवायचं?

साताऱ्याच्या एमआयडीसीत दर आठवड्याला पाळी बदलते, घरी लहान मुलं आहेत आणि सलग दोन तास कधीच मिळत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्या दोन तासांची वाट बघणं आधी सोडा. जलरंगात हात थोडाच वेळ चालतो, बाकी वेळ कागद वाळण्यात जातो. त्यामुळे एक चित्र चार दिवसांत, रोज वीस मिनिटं देऊन खरंच चांगलं होतं.

खरा वेळ खाते ती मांडामांड. ट्यूबमधले रंग पॅलेटच्या खणांत पिळून दोन-तीन दिवस वाळू द्या, नंतर ओल्या ब्रशने लगेच सुटतात. पाच रंग पुरतात: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमसन. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून संगम माहुलीच्या नदीघाटाच्या दगडाचा राखाडी सुरेख मिळतो. निळा वाढवला की सावलीतला, तपकिरी वाढवला की उन्हातला. आठ नंबरचा गोल ब्रश आणि 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्मा) कागद घ्या. पातळ कागद फुगतो आणि खोलगट भागात रंग साचून डाग पडतात. कागद बोर्डाला टेपने चिकटवलेलाच राहू द्या, म्हणजे बसलं की काम सुरू.

पहिल्या दिवशी फक्त पेन्सिल. दुसऱ्या दिवशी आकाश आणि फिकट थर, तिसऱ्या दिवशी मधल्या छटा, शेवटी गडद सावल्या. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून ओला असताना किंचित गडदच ठेवा.

मुलांनी हाक मारली तर? हातातला थर पूर्ण करूनच उठा, पाचच मिनिटं लागतात. अर्धवट सोडलात तर तिथे कडक रेघ उमटते. उठावंच लागलं, तर परत आल्यावर अर्धवट ओल्या थराला हात लावू नका. ब्रशमधलं जादा पाणी कमी ओल्या भागात घुसून रंगाला बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग येतो. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा थर.

घड्याळाची वेळ ठरवू नका, पाळी बदलली की ती मोडते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारचा चहा झाल्यावर, दुसऱ्या पाळीत ड्युटीला निघण्याआधी बसा. रात्रपाळीत झोप महत्त्वाची, तेव्हा नुसती पेन्सिल चालवा. पिवळ्या बल्बखाली रंग ठरवणं तर टाळाच, कारण पिवळा फिका भासतो आणि निळा मळकट.

पावसाळ्यात थर वाळता वाळत नाही. हेअर ड्रायर चालतो, पण कागदावरची पाण्याची चमक गेल्यावरच आणि वीतभर अंतरावरून, नाहीतर हवेने रंग सरकतो. कोरा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत ठेवा. दमट हवेत त्याचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ, खराब झालं, तर रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि तो कागद पुन्हा सुधारत नाही.