जानेवारीत भरपूर पाऊस झाला, तरी वाळवंटी ट्रफल का आले नाहीत?

प्रश्न दोन आहेत. कुवेत-सौदीच्या वाळवंटात जानेवारीत चांगला पाऊस झाला, मार्चमध्ये हिरवळही होती, मग फगा (ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या खाण्याच्या अळिंबीचं तिकडचं नाव) का उगवला नाही? आणि तो धिंगरी अळिंबीसारखा भुशावर घेता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, पहिल्याची किल्ली त्यातच आहे. भुशावर येणार नाही. धिंगरी मेलेल्या काडावर जगते. ट्रफल हे ज्यांचं फळ, त्या टर्फेझिया आणि टिरमानिया या बुरशींना फळायला जिवंत मूळ लागतं. अरबस्तानात ते मूळ हेलियान्थेमम या ठेंगण्या झुडपाचं, म्हणजे तिकडच्या रगरूगचं. झुडूप बुरशीला साखर पुरवतं, बुरशी त्याला पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस). पाण्याचा ताण वाढला की ही बुरशी मुळाच्या पेशींच्या आत जास्त शिरते.

आता पाऊस. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काळाला तिकडे वस्म म्हणतात. त्या पावसावर वर्षायू रगरूगचं बी रुजतं आणि उन्हाळ्यात पानं गाळून बसलेली बहुवर्षायू झुडपं पालवतात. मग मुळांशी बुरशीची जोडणी होते, नंतर कुठे ट्रफलची सुरुवात, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो फुगतो. पहिला पाऊस जानेवारीत आला तर रोपं उगवतात, पण बुरशीला पुरेसा वेळ मिळण्याआधीच ऊन तापतं. तुम्ही पाहिलेली हिरवळ खरी, पण उशिराची. उलट वस्म चांगला झाला आणि पुढे सरीच आल्या नाहीत, तर ट्रफल बारीक राहतात किंवा जागीच सुकतात. एका दणक्यात वाहून गेलेल्या पाण्यापेक्षा अंतराने पडलेल्या सरी कामाच्या.

अरबीत ट्रफलला ‘गडगडाटाची लेक’ म्हणतात आणि विजेमुळे जमिनीला नत्र मिळतं असं कारण दिलं जातं. मला ते पटत नाही. वस्माचा पाऊस बऱ्याचदा गडगडाटासह येतो. महत्त्व त्या वेळेला आहे. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात पाऊस उन्हाळी, म्हणून तिथला ट्रफल त्यानंतर, साधारण एप्रिलपासून मिळतो. त्याची बुरशीही वेगळी, कालाहारिट्यूबर.

शोधताना आधी रगरूग शोधा, मग त्याच्या आसपासची जमीन बघा. ट्रफल काही सेंटिमीटरच खोल असतो. फुगताना वरची पापडी उचलतो आणि चांदणीसारख्या भेगा पडतात. सकाळी किंवा सायंकाळी, उन्हं तिरपी असताना, उंचवट्याची सावली पडते. भर दुपारी तोच उंचवटा नजरेतून सुटतो. बोटांनी किंवा काठीने अलगद उचला, फावडं नको. खड्डा लगेच बुजवा, नाहीतर उघडी पडलेली मुळं वाळतात. सडलेला, किडलेला ट्रफल तिथेच चुरून टाका, बीजाणू (बुरशीचं बी) जागेवर राहतात.

लागवड होते, पण झुडपासकट. स्पेनच्या मुर्सिया भागात 1999 मध्ये हेलियान्थेमम अल्मेरियन्सेवर टर्फेझिया क्लेव्हेरी लावली गेली आणि 2001 मध्ये पहिले ट्रफल आले. बियांचं कवच कठीण असतं, ते घासल्याशिवाय उगवण कमी होते. रोपवाटिकेत बीजाणू किंवा कवकजाल (बुरशीचे धागे) देऊन मुळं तपासायची आणि जोडणी झालेलीच रोपं शेतात न्यायची. ही तपासणी टाळली तर नुसती झुडपंच वाढतात. क्लेव्हेरीला चुनखडीची, अल्कधर्मी, निचऱ्याची जमीन हवी. स्पेन-पोर्तुगालमधली टर्फेझिया अरेनारिया मात्र आम्ल जमिनीतली, तिचं यजमान झाडही वेगळं. त्यामुळे मिळेल ते बीजाणू आणून टाकण्यात अर्थ नाही.

बाग बिघडते ती बहुधा लाडाने. स्फुरदाचं खत भरपूर दिलं की झुडपाला बुरशीची गरजच कमी होते. तण माजलं तर रगरूग दबतो, कारण तो मुळातच ठेंगणा. पाणी द्यायचं ते शरद ऋतूत पाऊस चुकला तर, आणि वसंतात ट्रफल फुगताना जमीन फार कोरडी पडली तर. भर उन्हाळ्यात झुडूप सुप्त असतं, त्याला तसंच राहू द्या.