लाउझित्समधल्या जुन्या खाणींच्या तळ्यांभोवती ग्रॅव्हल बाइक चालवताना 'प्रवेश बंद'च्या पाट्या किती मनावर घ्यायच्या?

तुमचा प्रश्न असा: बर्लिनला नुकतेच आला आहात, ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल) घेतली आहे, एका रविवारी लाउझित्स या पूर्व जर्मनीतल्या कोळशाच्या पट्ट्यात झेन्फ्टेनबर्गच्या तळ्याला चक्कर मारायची आहे. अ‍ॅपवर रानातून जाणारी मस्त कच्ची वाट दिसते, पण फोटोत तिच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची पाटी आहे आणि पाटीच्या पलीकडे सायकलींच्या चाकोऱ्याही आहेत. मग जावं का?

तळ्याला जरूर जा. पाटीच्या पलीकडे जाऊ नका.

मी तिथे सिव्हिलचं मास्टर्स करायला दोन वर्षं होतो. सुट्टीचे बहुतेक दिवस सायकलवर गेले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी थोडा अपेक्षाभंग. झेन्फ्टेनबर्गच्या तळ्याची फेरी साधारण १८ किलोमीटरची आणि बहुतेक ठिकाणी गुळगुळीत डांबराची आहे. स्केट्सवाले, बाबागाडीवाले, ई-बाइकवरचे आजी-आजोबा, सगळे त्याच वाटेवर. जाड टायर नुसते गुंईऽऽ करत राहतात. म्हणून तर अ‍ॅपवरच्या त्या रानवाटेचा मोह होतो, आणि नेमकी तीच वाट खोटी आहे.

खोटी म्हणजे काय, तर ती जमीन जमीन नाही, भराव आहे. इथे लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणी होत्या. कोळशावरची वाळू-माती काढायची आणि जिथला कोळसा काढून झाला त्या खड्ड्यात मागे ओतत जायची, अशी पद्धत. हे ओतण्याचं काम करणारं एफ-६० नावाचं ५०२ मीटर लांबीचं धूड लिश्टरफेल्डला जपून ठेवलंय, वर चढून बघता येतं. इतक्या उंचीवरून पडलेली वाळू भुसभुशीतच राहते. मापात तांदूळ भरून माप आपटलं की तांदूळ खाली बसतो आणि वर जागा होते, ते तुम्ही पाहिलं असेल. इथली वाळू कुणी आपटलेलीच नाही. खाण चालू असताना पंप लावून भूजल खाली ठेवलेलं असायचं, तोवर ठीक होतं. खाण बंद झाली, पंप थांबले, उरलेल्या खड्ड्यांची तळी झाली आणि भरावातही पाणी वर येऊन वाळूच्या कणांमधल्या पोकळीत भरलं. आता हलकासा हादरा बसला तर कण खाली बसायला बघतात, पण मधल्या पाण्याला पळायला वाट नसते. मग काही क्षण सगळा भार ते पाणीच उचलतं आणि जमीन पिठल्यासारखी वाहू लागते. वर झाडं आहेत की डांबर, याचं तिला काही नसतं.

लोकांना वाटतं की धोका पाण्याच्या कडेला आहे, आपण तर आत रानात, सपाटीवर आहोत. ऑक्टोबर २०१० मध्ये याच भागातल्या श्प्रेटालजवळ १०० हेक्टरांहून मोठा भराव असाच बसला. सपाट माळरान होतं ते. ट्रक रुतले, मेंढ्यांचा कळप गाडला गेला. त्याआधी तिथे धोका आहे असं कुणाला वाटत नव्हतं. त्यानंतर भरावावरची मोठमोठी रानं बंद झाली. तुमच्या अ‍ॅपवरची वाट अशाच एखाद्या रानातली असणार. खुद्द झेन्फ्टेनबर्गचं तळं तर १९७३ पासून लोकांसाठी खुलं, म्हणजे या भागातलं जुनंजाणतं. तिथेही सप्टेंबर २०१८ मध्ये मधल्या बेटाचा काठ घसरला आणि तळं बंद करावं लागलं. आणखी पश्चिमेला, झाक्सन-अनहाल्ट राज्यात नाख्टरश्टेटला १८ जुलै २००९ च्या पहाटे काठावरची घरं तळ्यात गेली, ३ माणसं गेली. तिथलं कारण थोडं वेगळं होतं, पण जुन्या खाणीच्या काठावर किती विश्वास टाकायचा ते कळतं.

एकदा मीही शहाणपणा केला होता. चाकोऱ्या बघून पाटीच्या पलीकडे गेलो, असेन दोनेकशे मीटर आत. दोन्ही बाजूंना बर्च, खाली पांढरी वाळू, माणूस नाही की आवाज नाही. पुढे वाटेवर आडवी पायरी दिसली, वीतभर उंचीची. वाटलं, कुणीतरी खणलंय. उतरून पाहिलं तर ती पायरी दोन्हीकडे रानात लांबवर गेली होती, आणि पलीकडची सगळी रोपटी एकाच बाजूला कललेली. जमीनच खचली होती. चाकोऱ्या तिथून मागे वळल्या होत्या. सायकल खांद्यावर घेतली आणि झोपलेल्या बाळाच्या खोलीतून निघावं तसा बाहेर आलो. जे व्हेक्टर आणि दाब मी परीक्षेत कागदावर काढत होतो, ते त्या दिवशी तळपायाला समजले.

पाट्यांवर 'बेट्रेटन फरबोटन' म्हणजे आत जायला बंदी, आणि 'लेबेन्सगेफार' म्हणजे जिवाला धोका. दुसरा शब्द दिसला की विचार करायचाच नाही. एलएमबीव्ही ही जुन्या खाणी निस्तरणारी सरकारी कंपनी बंद भागांचे नकाशे ऑनलाइन देते. रूट त्यावर ताडून बघा, अ‍ॅपवाल्यांना भराव कळत नाही. काही वाटा पुढे उघडतातही. जमिनीत लांब कंपक दांडा घालून किंवा खोलवर छोटे स्फोट करून भराव दाबून घेतात, पण त्याला वर्षं लागतात.

मग खडी कुठे मिळेल? एकच तळं धरू नका. झेन्फ्टेनबर्ग स्टेशनवरून ग्रोसकोशनकडे या. कोशन कालवा ओलांडून गायर्सवाल्डच्या तळ्याला जा (तिथे दीपगृह आहे, समुद्राचा पत्ता नसताना!), तिथून पार्टवित्सचं तळं आणि मग झेडलित्सच्या तळ्याशी उभा 'गंजका खिळा'. हा ३० मीटरचा पोलादी मनोरा मुद्दाम गंजू दिलेला आहे. परत झेन्फ्टेनबर्ग. माझ्या मीटरवर ५० किलोमीटरच्या आत-बाहेर व्हायचे. मुख्य वाट डांबरीच, पण मधल्या पाइनच्या रानात खुल्या वनवाटा आहेत, त्या खऱ्या ग्रॅव्हलच्या. वाळू मात्र दगा देते. सावलीतून उन्हात येताना रंग बदलत नाही आणि पुढचं चाक एकदम गपकन बसतं. मी हँडलवरून पुढे गेलो होतो, लागलं काही नाही, पण घरी येईपर्यंत चेनमधून खलबत्त्याचा आवाज येत होता. टायर ४० मिलिमीटरच्या वरचे घ्या, हवा थोडी कमी ठेवा, वाळू दिसली की ब्रेक न दाबता वजन मागे घेऊन पायडल मारत राहा.

काही ठिकाणी पाणी अगदी निळंशार दिसेल. भरावातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा लागून आम्ल तयार होतं आणि ते पाण्यात उतरतं. आम्लात जीव फारसे टिकत नाहीत म्हणून पाणी नितळ. चुना फवारणारी बोट फिरवून ते ताळ्यावर आणतात. ओढे मात्र लोहामुळे विटकरी असतात. तो चिखल पांढऱ्या मोज्यांवरून जात नाही.

कालव्यांची नावं वाचत जा. सोर्नो, रोझेनडोर्फ. ही दोन्ही खाणीत गेलेली गावं. पार्टवित्सच्या तळ्याचं नावही तसंच, ग्रोसपार्टवित्स गावावरून आलेलं. आपल्याकडे धरणात गाव गेलं की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर निदान देवळाचा कळस दिसतो. इथे गाव आधी खणून काढलं, पाणी नंतर आलं, त्यामुळे खाली काहीच उरलेलं नाही. एकदा बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांना मी विचारलं, तुमचं गाव कुठे होतं? त्यांनी पाण्याकडे बोट केलं, मग जरा वर, हवेत नेलं. गावाची जमीन आताच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच होती म्हणाले.

उरलेलं पटकन. डॉइचलांड-तिकिटात (देशभरच्या लोकल गाड्यांच्या महिन्याच्या पासात) सायकल येत नाही, तिचं वेगळं तिकीट काढा. उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळच्या गाडीत सायकलींना जागा मिळणं अवघड, शनिवारी जमलं तर बघा. दुपारनंतर उघड्या तळ्यावरून वारा सुटतो. मी आधी वाऱ्याच्या तोंडावरची बाजू उरकायचो, म्हणजे परतीला तोच वारा पाठीशी असायचा.