जिवाणूंइतकीच जमिनीचीही ओळख हवी

प्रिय विद्यार्थिनी,

सूक्ष्मजीवशास्त्रातील बी.एस्सी.नंतर दूषित भूजल नैसर्गिक जिवाणूंकरवी स्वच्छ करण्याच्या कामात तुम्हाला शिरायचे आहे, आणि ‘यात नोकऱ्या कुठे आहेत?’ असे वडील विचारतात, असे तुम्ही सांगलीहून लिहिले आहे. तुमची निवड मला मनापासून आवडली. पण केवळ सूक्ष्मजीवशास्त्रावर हे काम पेलणार नाही.

उदाहरण घ्या. धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन अमेरिकेत अनेक ठिकाणी भूजलात उतरले आहे. डीहॅलोकॉकॉइडीस हे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ऑक्सिजनऐवजी अशा संयुगांवरच श्वसन करतात आणि त्यांतील क्लोरीनचे अणू एकेक करून काढत निरुपद्रवी एथिलीनपर्यंत पोहोचतात. हे 1997 मध्ये शुद्ध संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत केवळ हेच जिवाणू वाढवून, सिद्ध झाले. त्यांना लागणारा हायड्रोजन मिळावा म्हणून जमिनीत लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा क्षार) किंवा वनस्पती तेल सोडतात, आणि ते आंबवून हायड्रोजन तयार करण्याचे काम तिथले इतर जिवाणू करतात. मात्र योग्य जिवाणू नसले किंवा परिस्थिती अनुकूल नसली, तर ही साखळी व्हिनाइल क्लोराइडपाशी अडकू शकते, आणि ते माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले रसायन आहे. अर्धवट शुद्धीकरण असे धोक्याचे ठरते, म्हणून निरीक्षण विहिरींतील ऑक्सिजन, नायट्रेट, लोह, सल्फेट, मिथेन आणि एथिलीन यांच्या नोंदींवरून परिस्थिती अनुकूल आहे का आणि साखळी कुठवर आली हे वाचता येणे मी या कामातील खरे कौशल्य मानतो.

आपल्याकडे बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांतून आणि सांध्यांतून वाहते, त्यामुळे सोडलेले पोषकद्रव्य नेमके कुठे जाईल हे भूजलशास्त्र शिकल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करताना भूजलशास्त्र आणि पर्यावरणीय रसायनशास्त्र हे विषय शिकवणारा विभागच निवडा, मग त्याचे नाव थोडे कमी परिचित असले तरी चालेल. पुढे संशोधनासाठी नागपूरची ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. अभियांत्रिकीकडे वळायचे झाल्यास ‘गेट’ या पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे.

वडिलांना मात्र खरे तेच सांगा: केवळ जिवाणूंद्वारे भूजलशुद्धी अशा नेमक्या कामाच्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. सुरुवात बहुधा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, सांडपाणी प्रक्रियेत किंवा पर्यावरण सल्लागार संस्थेत होईल. त्या नोकरीत नमुने घेण्याची शिस्त आणि नोंदींचा अर्थ लावण्याची सवय लागते, म्हणून ती कमी प्रतीची समजू नका. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विभागाचा अभ्यासक्रम मागवून क्षेत्रकार्य किती आहे, तेवढे जरूर तपासा.